तू लढली नाहीस, नले

नले, काल तुझ्या शोकसभेत लोकांनी टाळ्या वाजवल्या. थट्टा नाही करत. मनीषनगरातलं तेच सभागृह, जिथे दर उन्हाळ्यात तू ‘मनात आणलं की होतं’ या विषयावर बोलायचीस. त्याच प्लास्टिकच्या खुर्च्या, तोच घरघरणारा कूलर, बहुतेक माणसंही तीच. एक निवृत्त अधिकारी उठले आणि आवाज चढवून म्हणाले, “नलिनीताईंनी मृत्यूलाही दाराबाहेर ताटकळत ठेवलं!” मागच्या रांगेतून एक टाळी आली आणि मग सगळीकडून आल्या. इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप चालले. काहींच्या मधेच लक्षात आलं आपण कशाला आलो आहोत ते, तेव्हा त्यांनी घाईघाईने रुमाल काढले. तू असतीस तर पदर तोंडात कोंबून हसली असतीस.

मग एकामागून एक सगळे तेच सांगत राहिले. अर्धांगवायूशी तू शेवटच्या श्वासापर्यंत झुंजलीस. अंथरुणावरूनही तू इच्छाशक्तीचा धडा दिलास. महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई तर तुझ्या खोलीत उभ्या असल्यासारख्या बोलत होत्या. तुझ्या आजारपणात त्या एकदाच आल्या, शहाळं ठेवलं, पंख्याखाली बसल्या, फोटो काढला आणि गेल्या. तुझा मुलगा नितीन माझ्यापाशी येऊन वाकला, म्हणाला, “मावशी, दोन शब्द बोलता काय?” मी मान हलवून नाही म्हटलं. माझा कंठ दाटून आलाय असं लोकांना वाटलं. कंठबिंठ काही नव्हता दाटला, संताप झाला होता. कारण त्या भरलेल्या सभागृहात फक्त मला आणि त्याला ठाऊक होतं की तू लढली नाहीस. तू हात टेकलेस. आणि टेकताना माझ्याकडे बघत होतीस.

म्हणून हे लिहिते आहे. तिथे बोलले असते तर तुझी शोभा झाली असती, आणि ती मी आयुष्यभर पुरेशी केली आहे.

तुझी चार पुस्तकं माझ्या कपाटात आहेत. चारही मी वाचली, आणि चारही एकच आहेत. मुखपृष्ठावर उगवता सूर्य, आत डोंगर चढणारा माणूस, शेवटी वाचकाला ‘ऊठ’ असा आदेश. मी तुला कितीदा म्हटलं की सूर्य तेवढा बदलत जा. कादंबऱ्याही तुला तसल्याच आवडायच्या, ज्यांच्या शेवटच्या पानांत नायक चिखलातून उठतो, अंगावरची माती झटकतो आणि चालू लागतो. मला नेमकी त्याच पानांची चीड. माझ्या आवडीच्या कादंबऱ्यांत माणसाला सगळं कळतं, आपण कुठे चुकलो हेही कळतं, आणि तरीही तो खुर्चीतून हलत नाही. तू म्हणायचीस, “असली पुस्तकं वाचून माणूस झोपते वं.” मी म्हणायचे, “तुही पुस्तकं वाचून तर वाचता वाचताच झोपते.”

नागपूरच्या मे महिन्यात दुपारी दोन वाजता, कूलरशिवाय, इच्छाशक्तीवर व्याख्यान ठेवून दाखव असं आव्हान मी तुला दिलं होतं. तू संध्याकाळी सातची वेळ ठेवलीस. परिस्थितीच माणसाला चालवते हा माझा सिद्धांत तिथेच सिद्ध झाला होता, पण तू मान्य करशील तर ना.

आणि तुझ्या सगळ्या पुस्तकांत एक मुलगी असते. मौद्याजवळच्या खेड्यातली, शेतकऱ्याच्या घरची, अनवाणी शाळेत जाणारी, कंदिलाच्या उजेडात वाचणारी. केवळ जिद्दीच्या बळावर ती नागपूरला येते, तत्त्वज्ञान शिकते आणि कॉलेजात प्राध्यापक होते. ती मुलगी मी. अनवाणी मी कधी गेले नाही, आमच्या बापाला चपलेचा भारी सोस होता. आणि घरात बल्ब होता. मी लग्न केलं नाही तोही तू माझा निर्धार ठरवलास. अगं, धड स्थळच आलं नाही एक!

तुला तो दिवस आठवत असेल. मी पहिल्याच रांगेत बसले होते आणि तू व्यासपीठावरून माझ्याकडे बोट दाखवून म्हणालीस, “ही पाहा. हिने ठरवलं आणि हिने करून दाखवलं!” सगळे माझ्याकडे वळून टाळ्या वाजवू लागले. मी उभी राहिले. लोकांना वाटलं, नमस्कार करते आहे. मी म्हटलं, “खोटं आहे.” टाळ्या थांबल्या. मी म्हटलं, “मी काही ठरवलं नव्हतं. माझी मोठी बहीण कमल सातवीतून काढली गेली. स्वयंपाक तिने केला, शेतातलं निंदण तिने केलं, म्हशीचं शेण तिने काढलं, म्हणून मी पुस्तक घेऊन बसू शकले. नागपूरलगतच्या वाडी गावात ट्रकवाल्यांच्या गोदामामागे मामाची एक खोली होती, म्हणून मला नागपुरात राहता आलं. जिद्द कमलताईची कमी नव्हती. तिच्यावर कोण पुस्तक लिहिणार?” तुझं तोंड लालबुंद झालं होतं. संयोजकांनी घाईघाईने चहा आणवला.

त्या रविवारी तू तुझ्या व्हरांड्यात माझ्याशी बोलायला तयार नव्हतीस. पोह्यांची बशी समोर आदळलीस. मग तुलाच राहवेना. म्हणालीस, “एक सांग मले. कमलताईनं तुले जाऊ दिलं. ती भांडली असती, रडली असती, तुही पुस्तकं चुलीत घातली असती, तर? नाई घातली. तिनं ठरवलं ना वं, का सुमीले जाऊ द्याचं? मंग ती इच्छा नाई त काय होती?”

मी म्हटलं, “तिले दुसरं काही करता येत नव्हतं.”

“तुले कोणं सांगतलं? तू विचारलं काय तिले कधी?”

विचारलं नव्हतं. तोवर कमलताई गेलेली होती. मी पोहे खाल्ले आणि विषय बदलला. त्या वादाचं उत्तर तुला देणं बाकी आहे, आणि मला ते अजून सुचलेलं नाही. माणसाच्या वाट्याला आलेली प्रत्येक शक्यता दुसऱ्या कुणाच्या तरी गेलेल्या शक्यतेवर उभी असते, हे माझं म्हणणं मी सोडणार नाही. पण गेलेली आणि दिलेली यांत फरक आहे, हे तू त्या दिवशी नेमकं पकडलंस. पुस्तकात मात्र हे लिहिलं नाहीस. पुस्तकात तुला सूर्यच काढायचा होता.

तुझ्या डोक्याचा असा नास झालेला मला बघवत नसे, कारण ते डोकं काय होतं ते मी पाहिलेलं आहे. एम.ए.च्या वर्गात मी आले तेव्हा तोंड उघडायची नाही. उघडलं की ‘मले-तुले’ निघायचं आणि मागच्या बाकांवर खसखस पिकायची. तू नागपुरातल्या महाल भागातली, वकिलाची मुलगी, घरात सगळे शुद्ध बोलणारे. त्या आठवड्यात निबंध वाचायची पाळी तुझी होती. विषय होता माणसाचं स्वातंत्र्य. तू उभी राहिलीस आणि पहिलंच वाक्य म्हणालीस, “माणूस मोकळा आहे काय, हे मले माहीत नाई. पण तो मोकळा असल्यासारखा वागू शकते, हे मले दिसून राहिलं.” सगळा निबंध तसाच वाचलास. सर आधी चमकले, मग हसले, मग वहीत काहीतरी लिहून घेऊ लागले. त्यानंतर माझ्या बोलण्याला कुणी हसलं नाही. बाहेर आल्यावर मी विचारलं, “काहून केलं वं असं?” तर तू म्हणालीस, “मजा आली.” एवढी मोठी गोष्ट केलीस आणि ती तुझ्या एकाही व्याख्यानात नाही. जे सांगण्यासारखं होतं ते लपवलंस आणि माझे अनवाणी पाय गावभर फिरवलेस.

त्याच सरांनी आपल्याला पूर्वपक्षाची शिस्त लावली. कुणाचंही म्हणणं खोडायचं असेल तर आधी त्याची बाजू त्याच्याहून चांगली मांडायची. त्याने ऐकून ‘हो, हेच माझं म्हणणं’ अशी मान हलवली की मगच तोंड उघडायचा अधिकार. वर्ग संपला, नोकऱ्या लागल्या, निवृत्त झालो, म्हातारपणी दोन गल्ल्यांच्या अंतरावर घरं घेतली, पण हा नियम आपण सोडला नाही. फ्रीज कोणता घ्यावा यावरही पूर्वपक्ष. नितीनने त्या मुलीशी लग्न करावं की नाही यावर पूर्वपक्ष, आणि तो बिचारा मधे उभा राहून विचारतोय, “आई, मले बोलू देता काय?” आपण दोघींनी जगातली प्रत्येक गोष्ट हा कुणाचा तरी पक्ष आहे असं धरून आयुष्य काढलं. शिकलेल्या माणसांचा हा खुळेपणा आहे हे मला फार उशिरा कळलं, तुझ्या खाटेशी बसल्यावर.

तुझी उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. ‘नाई’, ‘पुरे’ आणि ‘सुमे’ एवढे शब्द उरले. व्यासपीठ गाजवणारी बाई तीन शब्दांवर आली. डॉक्टर म्हणाले, ऐकू येतं, कळतं सगळं, आणि काही महिने नेटाने व्यायाम केला तर हात थोडा येईल, धरून चालताही येईल. व्यायाम सोडला तर मात्र काही परत येणार नाही. मी मनात म्हटलं, हिच्याइतका लायक रोगी शोधून सापडायचा नाही. चार पुस्तकं लिहिली आहेत बाईने याच विषयावर.

आणि तू काय केलंस? काही नाही. फिजिओथेरपीवाली बाई रोज सकाळी यायची, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवून वर उचलायला सांगायची, आणि तू खिडकीकडे तोंड करायचीस. तिने हातात स्पंजचा चेंडू दिला की तो घरंगळून पडू द्यायचीस. नितीन रडकुंडीला आला. मला फोन करून म्हणाला, “मावशी, आई तुमचंच ऐकते. तुम्ही या.”

मग मी रोज येऊ लागले. जी बाई जन्मभर सांगत आली की माणसाच्या हाती काही नाही, ती तुझ्या उशाशी उभी राहून ओरडू लागली, “हात उचल, नले! मनात आण! उचल म्हणते ना!” फिजिओवाली बाई माझ्याकडे बघून म्हणाली, “आजी, तुम्ही भाषणं देता काय कुठे?” तू डोळे मिटून घेतलेस, पण तुझ्या तोंडाची डावी कड हलली. मला ते दिसलं. मी जास्तच चिडले. तुझीच वाक्यं मी तुझ्या अंगावर फेकली. पुस्तक उघडून वाचून दाखवली. ‘पहिलं पाऊल पायाने नाही, मनाने पडतं.’ वाचताना माझी मलाच किळस येत होती. लोकांना जन्मभर ‘ऊठ’ म्हणत फिरलीस आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा भिंतीकडे तोंड? एका सकाळी ‘ढोंगी’ असं मी तुला म्हणाले. तोंडावर म्हणाले. तू ‘पुरे’ म्हणालीस.

“काहून पुरे? कारण सांग.”

“पुरे.”

“कारण सांगता येत नसन त मीच तुही बाजू मांडून पाहते. चुकलं त नाई म्हण.”

खुर्ची ओढून बसले. फिजिओवाली बाई अजून यायची होती. आपण दर रविवारी तुझ्या व्हरांड्यात बसायचो तशी मी पूर्वपक्ष मांडायला बसले. मी म्हटलं, तुझं म्हणणं असं आहे की उठणं जसं माणसाच्या हातात आहे, तसंच न उठणंही. सगळं जग ‘ऊठ’ म्हणत असताना न उठणाऱ्याची इच्छा उठणाऱ्याहून मोठी. तू हरलेली नाहीस. तू नकार दिलेला आहेस. हे बोलताना मी स्वतःवर खूष झाले होते. तुझ्या चारही पुस्तकांत इतकं चांगलं वाक्य नाही.

तू म्हणालीस, “नाई.”

मी दुसरी मांडणी केली. म्हटलं, तुला लाज वाटते. लोकांना जे सांगितलं ते खोटं होतं हे तुला तुझ्याच अंगावर दिसलं. आता प्रयत्न करून हात आला नाही तर सगळंच कोसळेल, म्हणून तू प्रयत्नच करत नाहीस. ही मांडणी मला फार बरोबर वाटत होती, कारण तिच्यात मी जिंकत होते.

“नाई.” या वेळी जरा जोरात. मग तू डोळे मिटलेस.

तिसरी मांडणी माझ्याकडे नव्हती. मी नुसती तुझ्याकडे बघत बसले. मानेखालची उशी घामाने ओली होती. उजवा हात सुजून त्यातली बांगडी रुतली होती, आणि ती कुणाच्या ध्यानात आली नव्हती, माझ्याही नाही. केसांना कित्येक दिवसांत तेल नव्हतं. महालातल्या वकिलाची मुलगी, वेणीतली एक बट सुटली तर घराबाहेर पडायची नाही. मी विचारलं, दिवसभर निंदण करून आलेल्या बाईला कुणीही विचारेल तसं विचारलं, “थकली काय वं, नले?”

तू मान हलवलीस. हो. पुन्हा हलवलीस, आणि हलवतच राहिलीस, मी तुझी हनुवटी हातात धरेपर्यंत.

नियमाप्रमाणे आता बोलायची पाळी माझी होती. माझ्याकडे उत्तरं तयार होती. थकवा हा काही युक्तिवाद नव्हे. थकलेलं माणूस विश्रांती घेऊन पुन्हा कामाला लागतं. डॉक्टर काय म्हणाले, नितीनचं काय होईल, सगळं जिभेवर होतं. मी उठले. साबणाच्या पाण्याने ती बांगडी काढली. तुझ्या केसांना तेल लावलं. मग फाटकाशी जाऊन उभी राहिले, आणि फिजिओवाली बाई आली तेव्हा तिला म्हटलं, “आजपासून येऊ नका.”

ती म्हणाली, “आजी, आत्ता सोडलं तर हात कायमचा जाईल. चालणंही जाईल.”

“हव. माहीत आहे.”

संध्याकाळी नितीन माझ्यावर ओरडला. “कोणं सांगतलं तुम्हाले हे कराले? डॉक्टरनं?” मी म्हटलं, कोणी नाही, मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी तो त्या बाईला परत बोलावू शकला असता. त्याने बोलावलं नाही. खाटेशी बसून तो तुझा डावा हात कितीतरी वेळ चोळत राहिला. काल सभेत जेव्हा तो म्हणाला, ‘आई शेवटपर्यंत लढली’, तेव्हा त्याने माझ्याकडे पाहणं टाळलं. त्याचा मला राग नाही. मुलांना असं काहीतरी बोलावंच लागतं.

त्यानंतरचे थोडे दिवस चांगले गेले, हेही लिहिते. तू जेवू लागलीस. मी तुझ्या आवडीच्या त्या भिकार कादंबऱ्या तुला वाचून दाखवायचे, मुद्दाम नाटकी आवाजात, आणि तू अर्ध्या तोंडाने हसायचीस. नायक चिखलातून उठायच्या आधीच तुझा डोळा लागायचा. मग एका पहाटे तुला दुसरा झटका आला आणि तू झोपेतच गेलीस. डॉक्टर म्हणाले, व्यायाम सोडल्याचा आणि याचा काही संबंध नाही. मी त्यांचे आभार मानले. मला त्याने काही फरक पडला नाही.

कारण आता मी तेच करते आहे जे जन्मभर करत आले. कृती दिसली की तिच्यामागचं कारण शोधायचं. मी त्या फाटकाशी जे केलं ते का केलं? दया म्हणावी तर माझा स्वभाव दयाळू नाही, तुझ्याइतकं ते कुणाला माहीत नाही. मी कंटाळले म्हणावं तर आणखी दहा वर्षं रोज येऊन तुझ्यावर ओरडायची माझी तयारी होती. आमच्या घरी थकल्याचं ऐकून घ्यायची रीत नव्हती, बाप तापातही उठवायचा. माझा स्वभाव, माझं वळण, माझा स्वार्थ, सगळे मला एकाच दिशेने ढकलत होते, की हिला उठव, कारण ही उठली नाही तर तुला कोणी नाही. आणि मी उलट केलं. मागे काही सापडत नाही, नले. तुझ्या भाषेत याला जे म्हणतात तो शब्द मी उच्चारणार नाही. मोकळेपणाने निवड करणारी माणसं किती थोर असतात यावर तू पानंच्या पानं लिहिलीस. थोर! त्या माणसांचं दुसऱ्या दिवशी काय होतं, यावर एक ओळ लिहिली असतीस तर पुस्तक विकत घेतल्याचं सार्थक तरी झालं असतं.

आज सकाळी तुझ्या व्यायामाच्या वेळेला मी चपला घातल्या, कुलूप लावलं, तुझ्या गल्लीच्या तोंडाशी आले आणि उभी राहिले. भाजीवाला विचारत होता, आजी, काय देऊ. सांग ना वं नले, मी कुठं जाऊ?